मुलाच्या तोंडून किती दिवस बोलायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३९ वर्षांची, माहेर कर्नाटकच्या सीमेजवळ, सासर कोल्हापूर, तिथे दहा वर्षं शाळेत गणित शिकवलं. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी पोर्तुगालला गेली, लिस्बनला लागूनच असलेल्या अमादोरात राहते. मुलगा नऊ वर्षांचा, तिथल्याच सरकारी शाळेत, पोर्तुगीज फाडफाड बोलतो. हिने मोबाइलवरच्या डुओलिंगो अ‍ॅपवर चारशे दिवस न चुकवता पोर्तुगीज केलं, संध्याकाळच्या फुकट सरकारी क्लासलाही नाव घातलं, पण पाच आठवड्यांत सोडलं, कारण बाईंनी प्रश्न विचारला की तोंडातून शब्द फुटायचा नाही आणि सोबतच्या युक्रेनच्या, नेपाळच्या, बांगलादेशच्या बायका पुढे निघून गेल्या. बाहेर दोन शब्द बोलली की समोरचा इंग्लिशवर येतो. गेल्या महिन्यात पाळीच्या त्रासासाठी सरकारी दवाखान्यात गेली तेव्हा मुलाला सोबत नेलं, त्याला तो शब्दच माहीत नव्हता, तो 'पोट दुखतं' एवढंच बोलला आणि पोटाच्या गोळ्या घेऊन दोघं घरी आले. शाळेच्या मीटिंगला मुलगा म्हणाला, "आई तू बोलू नकोस, मला लाज वाटते." नवरा म्हणतो, दोन वर्षांत जर्मनीला जाऊ, कशाला जिवाला त्रास करून घेतेस. तिचा प्रश्न: मला भाषेचं डोकंच नाही असं वाटायला लागलंय, शिकणं सोडून देऊ का?

अगं,

तुझ्या पत्रात क्लास आणि अ‍ॅपबद्दल दोन पानं आहेत आणि दवाखान्याबद्दल चार ओळी, त्याही शेवटी, जाता जाता लिहिल्यासारख्या. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे.

सगळ्यात आधी परत डॉक्टरांकडे जा, या आठवड्यातच, आणि मुलाला नेऊ नकोस. पोर्तुगीज येत नाही तर येत नाही, पहिलंच वाक्य इंग्लिशमधून बोल, तिथल्या बऱ्याच डॉक्टरांना इंग्लिश चांगलं येतं, आणि या डॉक्टरांना येत नसेल तर नवऱ्याने अर्धा दिवस रजा टाकावी, नाहीतर बिल्डिंगमधली भाषा येणारी एखादी बाई सोबत घे. तब्येतीच्या बाबतीत भाषेची प्रॅक्टिस करायची नसते. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण नवीन देशात आलेल्या बायका दोन्हीकडून चुकतात. कुणी सगळीकडे इंग्लिशवर भागवून पाच वर्षं काढतात, आणि कुणी 'आता इथली भाषा आलीच पाहिजे' म्हणून जिथे चूक परवडत नाही नेमक्या त्याच जागी हट्ट करतात. जायच्या आधी एका कागदावर लिहून ने. त्रास कधीपासून, किती दिवसांनी, किती, कुठल्या गोळ्या घेतल्या, आकडे आणि तारखा सगळं. पाळीला तिकडे रोजच्या बोलण्यात 'प्रीउदु' म्हणतात. 'मला इथे दुखतं' हे 'दॉय-म अकी', आणि तीन आठवड्यांपासून असेल तर पुढे 'आ त्रेश स्मानश'. एवढं बोललीस आणि बाकीचा कागद पुढे केलास तरी काम होतं.

आता मुलाबद्दल. तू लिहिलंयस की तो करतो सगळं, त्यामुळे माझं शिकणं अडून राहिलंय. मला यात तुझ्या शिकण्यापेक्षा त्याचं जास्त वाटलं. नऊ वर्षांच्या पोराला आईच्या पाळीबद्दल परक्या माणसाला सांगायला लावलं, त्याला शब्द सापडला नाही, मग त्याने जे जवळचं सापडलं ते सांगून टाकलं. त्याची काही चूक नाही गं, पण आपल्यामुळे आईला चुकीच्या गोळ्या मिळाल्या हे त्याला कधीतरी कळणारच आहे. शाळेच्या मीटिंगमध्येही तेच. बाई त्याच्याबद्दल काय म्हणाल्या ते तोच तुला सांगणार, म्हणजे स्वतःची तक्रार स्वतःच घरी पोचवायची. कुठल्या मुलाला हे जड जाणार नाही? 'मला लाज वाटते' हे तू मनाला लावून घेतलंयस, पण मला वाटतं त्याला तुझ्या उच्चारांची तेवढी लाज वाटत नसेल, जेवढं घरातलं मोठं माणूस आपणच झालोय याचं ओझं वाटत असेल. म्हणून त्याच्यासाठी आजपासून नियम कर: डॉक्टर, बँक, शाळा, सरकारी कागद यातलं कशाचंही भाषांतर त्याने करायचं नाही. उच्चार विचारायचा असेल, पाटीवरचा शब्द विचारायचा असेल तर जरूर विचार, तेवढं मुलांना आवडतं. आणि हे त्याला नीट बसवून सांग की आतापर्यंत तू खूप मदत केलीस, आता ही कामं माझी. घरात त्याच्याशी मराठीच बोल बरं का, तोडकंमोडकं पोर्तुगीज नको. शाळेत त्याची पोर्तुगीज होतेच आहे, मराठी त्याला फक्त तुमच्याकडूनच मिळणार आहे.

'भाषेचं डोकं नाही' या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. तुझ्याच पत्रात आहे की माहेरी शेजारपाजारचं कन्नड तुला समजायचं, मराठी तुझी आहे, हिंदी येते, इंग्लिशमधून बीएड केलंस. चार भाषा झाल्या. त्यातलं कन्नड तू कुठल्या क्लासला जाऊन शिकलीस? अंगणात, दुकानात, लोकांच्या तोंडून ऐकत शिकलीस, कुणी परीक्षा घेतली नाही. म्हणजे डोकं आहे. नाहीये ती चुकायची तयारी, आणि त्याचं कारण मला तुझ्या नोकरीत दिसतं. दहा वर्षं तू फळ्यासमोर उभी राहिलीस, उत्तर तुला माहीत असायचं, चुकायची मुलं. आता बाकावर तू बसलीयस. जरा आठव, अपूर्णांकाला घाबरणारी पोरं तुझ्या वर्गात असतीलच, त्यांना तू 'पूर्ण आल्याशिवाय हात वर करू नकोस' असं म्हणायचीस का? तू त्याला फळ्यापाशी बोलवायचीस, चुकू द्यायचीस आणि चूक नेमकी कुठे झाली ते त्याच्याच हाताने पुसायला लावायचीस. तेवढंच स्वतःसाठी कर.

अ‍ॅपचे चारशे दिवस वाया गेले नाहीत, पण त्याने तुला एक मोठा घोळ करून ठेवलाय तो कुणी सांगितला नसेल तर मी सांगते. डुओलिंगोवरची पोर्तुगीज ब्राझीलची आहे. वाचायला फार फरक नाही, कानाला मात्र जमीनअस्मानाचा. ब्राझीलमध्ये बऱ्याच ठिकाणी दिवसाला 'जीअ' म्हणतात, लिस्बनमध्ये 'दीअ'. बस तिकडे 'ओनिबुस', इथे 'औतुकार्रु'. मोबाइल तिकडे 'सेलुलार', इथे 'तेलेमॉव्हेल'. आणि पोर्तुगालमधली माणसं स्वर गिळतात, 'टेलिफोन'चं 'त्लफॉन' होतं, 'पिकेनु' दिसणारा शब्द 'प्केनु' ऐकू येतो, शेवटचा 'स' बहुतेक वेळा 'श' होतो. मग चारशे दिवस घासूनही बेकरीत उभं राहिल्यावर काहीच कळत नाही आणि माणसाला वाटतं आपल्यातच खोट आहे. खोट तुझ्यात नाही, तू दुसऱ्या देशाचा आवाज ऐकत होतीस. आणि गिळण्याचं म्हणशील तर आपण काय कमी गिळतो? 'पाहिजे'चं 'पायजे', 'म्हणजे'चं 'म्हंजे', आणि तुमच्या कोल्हापुरात 'काय करायला लागलायस'चं काय होतं ते तुला मी सांगायला नको. बाहेरच्या माणसाला पुस्तकातून मराठी शिकवून गंगावेशीत उभं केलं तर त्याचंही तुझ्यासारखंच होईल. अ‍ॅप आता बाजूला ठेव, रोज पंधरा मिनिटं पोर्तुगालचा सरकारी रेडिओ किंवा आरटीपी या तिथल्या सरकारी टीव्हीच्या बातम्या लाव, स्वयंपाक करताना, न समजता सुद्धा. महिनाभर नुसता कान बसू दे.

आणि मराठी माणसाला ही भाषा जितकी परकी वाटते तितकी नाही, हे मला तुला खूप दिवसांपासून ओळखत असल्यासारखं सांगावंसं वाटतंय. पाव, बटाटा, अननस, काजू, चावी, घमेलं, लिलाव, नाताळ हे सगळे शब्द तिकडून आपल्याकडे आले. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, शब्द आपल्या स्वयंपाकघरात राहिले. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत तर पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही घराघरात बोलतात, गावातली माणसं तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. हा इतिहास मी तुला शब्द पाठ करायला सोपे जावेत म्हणून सांगत नाहीये, बिल देताना तोंड उघडावं म्हणून सांगतेय. हॉटेलात उठताना 'क्रीअ पगार' म्हण, म्हणजे मला पैसे द्यायचेत. आपला पगार तिथूनच आला.

व्याकरणातही असंच. आभार मानताना बाई 'ओब्रिगादा' म्हणते आणि पुरुष 'ओब्रिगादु', हे इंग्लिशवरून शिकणाऱ्यांच्या डोक्यात पटकन बसत नाही, पण तू आयुष्यभर 'मी येते' आणि तुझा नवरा 'मी येतो' म्हणत आलाय, तुला यात शिकण्यासारखं काय आहे? कर्ता वगळून नुसतं 'जाते' म्हणायची आपली सवय तिकडे जशीच्या तशी चालते. 'कॉफी घ्यावीशी वाटतेय' याला ते 'अप्तेस-म उं कफे' म्हणतात, आपल्या 'मला वाटतंय'सारखंच, 'मी' नाही, 'मला'. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, मोठ्या माणसाला समोरासमोर विचारताना आपण 'काकू चहा घेणार का?' म्हणतो ना, काकू समोरच बसलेल्या असतात तरी, अगदी तसंच पोर्तुगालमध्ये 'डोना मारिया कॉफी घेणार का?' असं डोना मारियालाच विचारतात. एखाद्या वयस्कर माणसाला 'व्होसे', म्हणजे 'तुम्ही', म्हणून विचारलंस तर तिकडे जरा उद्धट वाटू शकतं, नाव घेऊन विचारलंस की बरोबर. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा त्या भाषेत घरात गेल्यासारखं वाटलं होतं.

मी लिस्बनमध्ये काही वर्षं काढलीत, म्हणून इंग्लिशवर येणाऱ्या लोकांबद्दलही सांगते. आमच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती, काचेचं काउंटर, आत पावांच्या टोपल्या, काउंटरवरची बाई एका हाताने फडका फिरवत असायची आणि माझा नंबर आला की मान वर न करता म्हणायची, "दीग!" मला पहिले काही आठवडे वाटायचं ही माझ्यावर खेकसतेय, मी बोटाने पाव दाखवायचे, पैसे द्यायचे आणि निघायचे. मग कधीतरी कळलं की 'दीग' म्हणजे 'बोला'. आपला वाणी म्हणतो तसं, बोला ताई, काय देऊ. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती आणि मी गप्प उभी होते. लोक इंग्लिशवर येतात तेही असंच. पोर्तुगालमध्ये परदेशी सिनेमे, सिरीयली डब न करता मूळ आवाजात खाली अक्षरं देऊन दाखवायची पद्धत आहे, त्यामुळे इंग्लिश कानावर पडतच असतं, आणि तू अडखळलीस की त्यांना वाटतं तुझी अडचण सोडवावी. तो तुझ्या पोर्तुगीजला दिलेला नकार नाही. हसून एवढंच म्हण, 'श्तो आ अप्रेंदेर', मी शिकतेय. दहातले सहासात जण लगेच परत पोर्तुगीजवर येतील आणि हळू बोलतील. जे येणार नाहीत ते घाईत असतील, सोडून दे. आणि समजलं नाही तर 'हो हो' करून मान हलवू नकोस, 'नाँउ पर्सबी' म्हण, समजलं नाही. हे वाक्य माझ्या मते पहिल्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे, परत जा. तो सरकारी कोर्स, ज्याच्या नावातच 'आलेल्याचं स्वागत करणारी भाषा' असा अर्थ आहे, तो तुझ्यासारख्यांसाठीच आहे, आणि त्याचं ए-टू लेव्हलचं (भाषेच्या पायऱ्यांतली दुसरी, पहिली ए-वन) सर्टिफिकेट पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला भाषेचा पुरावा म्हणून चालतं, भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. पण जिथे सोडलास तिथून नको, पुन्हा ए-वनपासून बस, जमलं तर सकाळची बॅच बघ, मुलगा शाळेत असताना. आणि त्या युक्रेनच्या नेपाळच्या बायकांकडे पुढे गेलेल्या म्हणून बघू नकोस, त्यातली एक कुणीतरी मधल्या सुट्टीत बोलायला गाठ, तुमच्या दोघींची एकच सामाईक भाषा पोर्तुगीज असेल, मग इंग्लिशवर पळायला जागाच राहत नाही. खाजगी ऑनलाइन शिकवणीही वाईट नाही, पैसे असतील तर आठवड्यातून एक तास फक्त बोलायला लाव. फक्त पोर्तुगालचीच शिक्षिका हवी हे आधी विचार. परीक्षाच द्यायची ठरवलीस तर 'सीप्ल' नावाची ए-टूची परीक्षा लिस्बन विद्यापीठाच्या केंद्रामार्फत होते, त्यात ऐकणं आणि बोलणं मिळून निम्म्याहून जास्त गुण आहेत, म्हणजे नुसत्या वह्या भरून ती सुटत नाही. नागरिकत्वाचे नियम अलीकडे सारखे चर्चेत असतात, म्हणून किती वर्षं, काय कागद ते अर्ज करायच्या वेळी ताजं तपासा.

तू पत्रात क्लास सोडायचं कारण लाज दिलंयस, पण त्याच परिच्छेदात लिहिलंयस की क्लास साडेआठला सुटायचा आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्या असायच्या. मला हे कारण लाजेइतकंच खरं वाटतं. त्यामुळे नवऱ्याशी जर्मनीवर वाद घालू नकोस, पोळ्यांवर बोल. क्लासच्या दिवशी रात्रीचं जेवण त्याच्याकडे, खिचडी करो नाहीतर पाव आणून देवो. जर्मनीचं म्हणशील तर ठरलेलं काहीच नाही, आणि दोन वर्षं म्हणजे मुलाची चौथी-पाचवी, तुझी चाळिशी, ती काय वेटिंग रूममध्ये बसून काढायची? तिकडे गेलात तरी जर्मन शिकावीच लागेल, आणि तोंड उघडायची भीती इथे गेली तर ती तिकडे सोबत येणार नाही. तो तुझ्या त्रासापोटी म्हणतोय हे मला दिसतंय, वाईट माणूस नाही तो. पण त्याला ऑफिसात इंग्लिश मिळतं, दिवसभर माणसं मिळतात. तुला काय मिळतं हे त्याने कधी विचारलंय का, नसेल तर तू सांग.

रोजच्या प्रॅक्टिससाठी एक गोष्ट, आणि ही फक्त तुझ्यासाठी, कारण तू गणिताची बाई आहेस. आकड्यांपासून सुरुवात कर. सध्या तू आठवड्याची सगळी खरेदी लिस्बनमधल्या मार्तीं मोनिश चौकात जाऊन आपल्या लोकांच्या दुकानांत हिंदीतून करतेस, डाळ-पीठ-मसाल्याला जा, त्यात काही गैर नाही, तिथे मन हलकं होतं. पण भाजी आणि फळं अमादोरातल्याच भाजीबाजारात घे, आठवड्यातून दोनदा, सकाळी, एकाच बाईकडे. 'मेयु कीलु' म्हणजे अर्धा किलो. ती भाव बोलेल तो ऐकून मनात बेरीज कर आणि तिच्या आधी एकूण रक्कम मोठ्याने सांग. पहिल्या दिवशी चुकशील. तिसऱ्या आठवड्यात ती तुझ्या बेरजेची वाट बघायला लागेल. आकडे कानात बसले की किंमती, वेळा, तारखा, टोकन नंबर, दवाखान्यातली अपॉइंटमेंट, सगळीकडची अर्धी भीती जाते. वार सुद्धा तिकडे आकड्यांवरच आहेत, सोमवार म्हणजे 'सगुंद', दुसरा, मंगळवार तिसरा, असं शुक्रवारपर्यंत सहावा.

शाळेच्या पुढच्या मीटिंगला एकटी जा. आधी दोन दिवस मुलाच्या बाईंना लिहून पाठव, भाषांतराचं अ‍ॅप वापरून लिहिलंस तरी चालेल, की मी हळूहळू शिकतेय, मुलाला सोबत आणणार नाही, कृपया सावकाश बोला आणि महत्त्वाचं लिहून द्या. दोन प्रश्न पाठ करून जा, तिसरा सुचला तर इंग्लिशमध्ये विचार. घरी आल्यावर बाई काय म्हणाल्या ते मुलाला तू सांग, तू, मराठीतून.

आणि तू लिहिलंयस की घराखालच्या बेकरीतून तीन वर्षं रोज पाव आणतेस. तीन वर्षं म्हणजे हजारेक सकाळी झाल्या. त्या बाईंचं नाव काय? उद्या गेलीस की आधी 'बों दीअ' म्हण, मग 'दुआश कर्कासश, बें कुझीदश', म्हणजे दोन पाव, चांगले भाजलेले, आणि पैसे देताना विचार, 'कोमु स शम?' नाव कळलं की परवापासून त्यांना नावाने हाक मार, नावाआधी डोना लावून. आणि मलाही कळव काय नाव आहे ते.